पलंग एक, गाद्या दोन

नवरा-बायको गादी घ्यायला दुकानात जातात तेव्हा दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "कडक दाखवू की मऊ?" एकाला कडक हवी असते, दुसऱ्याला मऊ. पाच मिनिटांत तोडगा निघतो : "मधली दाखवा." मग पुढची कितीतरी वर्षं दोघं त्या मधल्या गादीवर झोपतात आणि बहुतेक घरांत दोघंही सकाळी थोडे थोडे अवघडून उठतात. माझं म्हणणं असं, की या तडजोडीची गरजच नाही. पलंग एक ठेवून गाद्या दोन करता येतात. लेटेक्समध्ये ते फार चांगलं जमतं. आणि पावसाळी मुलखात गादीइतकंच लक्ष गादीखालच्या फळीकडे द्यावं लागतं.

उदाहरणाला घर खोपोलीच्या शिळफाट्यावरचं घेऊ. कल्याण-मुंब्र्याकडचा शिळफाटा वेगळा. हा बोरघाटाच्या पायथ्याचा, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचा. खोपोली-खालापूर पट्ट्यात कारखाने बरेच, त्यामुळे पाळीवर जाणारी माणसं पुष्कळ घरांत सापडतात. समजा, तो कारखान्यात पाळीवर आहे, वजन नव्वदीच्या घरात, उताणा झोपतो. ती बावन्न किलोची, कुशीवर झोपते, आणि पहाटेची लोकल पकडून कर्जतच्या पुढे नोकरीला जाते. त्याची तक्रार कमरेची, तिची खांद्याची : रात्री हात बधिर होतो आणि कूस बदलावी लागते. असं जोडपं शोधायला लांब जावं लागत नाही.

या दोघांच्या अंगाखाली काय घडतं ते नीट पाहू, कारण निवड त्यावरच ठरते. उताण्या माणसाचं वजन पाठ, नितंब, पाय अशा मोठ्या भागावर पसरतं. त्यातही कमरेखालचा भाग सगळ्यांत जड. गादी फार मऊ असली तर तो भाग खाली जातो, कणा झोळीसारखा वाकतो आणि कमरेचे स्नायू रात्रभर ताणलेले राहतात. कुशीवर झोपणाऱ्याचं उलट. सगळा भार खांदा आणि खुबा या दोन अरुंद जागांवर येतो. गादी कडक असली तर खांदा आत जात नाही, खालचा हात दबतो, मुंग्या येतात. आणि खांदा व खुबा यांच्यामधली कंबर टेकूवाचून अधांतरी राहते. शिवाय वजनाचा हिशेब आहेच. नव्वद किलोच्या माणसाला जी गादी मध्यम वाटते, तीच बावन्न किलोच्या बाईला कडक लागते, कारण ती दाबायला तिच्या अंगाचा भारच पुरत नाही. म्हणजे "मधली" अशी वस्तू दुकानात नसतेच. ती झोपणाऱ्याच्या वजनावर आणि कुशीवर ठरते.

आपल्याकडे एक समजूत पक्की रुजली आहे : पाठ दुखते तर कडक झोपा, जमल्यास फळीवरच झोपा. दुकानातली "ऑर्थोपेडिक" गादी याच समजुतीवर खपते. या समजुतीची रीतसर परीक्षा स्पेनमध्ये झाली आणि तिचा निष्कर्ष २००३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. जुनाट कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटून एका गटाला कडक आणि दुसऱ्याला मध्यम-कडक गादी दिली. कोणाला कुठली मिळाली हे त्यांना सांगितलं नव्हतं. ९० दिवसांनी मध्यम-कडक गादीवाल्यांचं दुखणं आणि हालचालीतली अडचण जास्त कमी झालेली होती. युरोपीय मोजपट्टीवर १ म्हणजे सर्वांत कडक आणि १० म्हणजे सर्वांत मऊ. त्यात कडक गादी २.३ ची होती आणि मध्यम-कडक ५.६ ची. मला हा अभ्यास महत्त्वाचा वाटतो, कारण घरातल्या वडीलधाऱ्यांचा "कडकच घ्या" हा आग्रह मोडायला काहीतरी ठोस हाताशी लागतं. पण तो पाठदुखीपुरताच आहे. खांद्यावर झोपणाऱ्या हलक्या बाईचं उत्तर त्यात नाही.

आता लेटेक्सकडे येऊ. लेटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. झाडाची साल तिरकी चिरतात, चीक ओघळून करवंटीत किंवा वाटीत जमतो. भारतात हे पीक मुख्यतः केरळचं. रबर बोर्डाचं मुख्यालय कोट्टायमला आहे. पण आपल्याकडेही सिंधुदुर्गात, दोडामार्ग-सावंतवाडीच्या बाजूला, केरळातून आलेल्या शेतकऱ्यांनी रबराच्या बागा उभ्या केल्या आहेत, आणि गोव्यातही त्या आहेत. ताज्या चिकात रबर साधारण तिसरा हिस्सा, बाकी बहुतेक पाणी. तो आंबू नये म्हणून अमोनिया घालतात आणि यंत्रात घुसळून पाणी काढत रबराचं प्रमाण ६० टक्क्यांवर नेतात. गादी होते ती या घट्ट चिकाची.

पद्धती दोन. पहिली डनलॉप कंपनीची. १९२९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये मर्फी नावाच्या तिथल्या रसायनतज्ज्ञाने चीक फेटून त्याचा फेस केला आणि तो घट्ट करण्याची युक्ती शोधली. त्या कंपनीच्या नावावरून आपल्याकडे एक काळ कुठल्याही फोमला "डनलॉपची गादी" म्हणत. चीक, गंधक, जस्ताचं भस्म वगैरे एकत्र फेटायचं, साच्यात ओतायचं आणि वाफेवर शिजवायचं. साच्यात सळया असतात. गादीच्या पोटात जी उभी भोकं दिसतात ती त्या सळयांची. फेस स्थिरावताना जड भाग जरा खाली बसतो, म्हणून या गादीचा एक पृष्ठभाग दुसऱ्यापेक्षा किंचित घट्ट येतो. दुसरी पद्धत टालाले यांच्या नावाची. त्यात साचा अर्धवट भरून हवा खेचतात, फेस फुगून साचा भरतो, मग तो गोठवून त्यातून कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि शेवटी तापवतात. ही गादी वरपासून खालपर्यंत सारखी, हलकी आणि महाग. भारतीय बाजारात मुख्यतः डनलॉप पद्धतीचाच माल मिळतो आणि घरगुती वापराला तो उत्तम आहे. टालालेसाठी जीव टाकू नये.

लेटेक्सचा गुण असा, की अंग जिथे दाबेल तिथे ते दबतं आणि दाब उठताच लगेच वर येतं. मेमरी फोम अंगाच्या उष्णतेने मऊ होतो आणि हळूहळू परत येतो. त्यात रुतलेल्या माणसाला कूस बदलायला जोर करावा लागतो, आणि वैशाखात घाटाखाली तो तापतोही. दर रात्री पाच-सहा वेळा कूस बदलणाऱ्या माणसाला लेटेक्स अधिक मानवतं.

दुकानदार लेटेक्सचा कडकपणा "डेन्सिटी"त सांगतात, म्हणजे एका घनमीटरचं वजन किलोत. डनलॉप पद्धतीच्या लेटेक्समध्ये घनता आणि कडकपणा बऱ्यापैकी हातात हात घालून चालतात : ६५ ते ७० मऊ, ७५ ते ८० मध्यम, ८५ च्या पुढे कडक. साध्या फोमला हे गणित लागू नाही. तिथे ४० घनतेचा फोमही कडक असू शकतो, म्हणून दोघांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत.

आता आपल्या जोडप्याची गादी बांधू. सहा बाय साडेसहाचा पलंग आहे. त्यावर सहा बाय साडेसहाची एक गादी न घेता तीन बाय साडेसहाच्या दोन घ्यायच्या, दोन्हींची जाडी तंतोतंत सारखी. त्याच्या बाजूला खाली ४ इंच ९० घनतेचा थर आणि वर २ इंच ८० चा. तिच्या बाजूला खाली ४ इंच ७५ चा आणि वर २ इंच ६५ चा. थर एकमेकांना चिकटवू द्यायचे नाहीत, नुसते रचायचे, आणि दोन्ही बाजूंना चेनची खोळ घालायची, म्हणजे चेन उघडून थर वर-खाली करता येतात. तिला आठवड्याने वाटलं की अजून मऊ हवी होती, तर फक्त वरचा थर बदलायचा. बाळंतपणाच्या आधीचे शेवटचे महिने घ्या : तेव्हा कुशीवर झोपायला सांगतात, वजनही वाढलेलं असतं. अखंड गादीवर त्याचं काही करता येत नाही, इथे एक थर बदलून काम भागतं.

दुकानदार मध्येच दोन्ही बाजूंनी वापरता येणारी गादी पुढे करेल : एक बाजू मऊ, एक कडक. एकट्या माणसासाठी ती छान. जोडप्याला तिचा उपयोग नाही, कारण उलटली की दोघांची एकदमच उलटते. तीन-तीन फुटांच्या दोन घेतल्या तरच तिला अर्थ.

दोन गाद्यांवरचा ठरलेला आक्षेप मधल्या फटीचा. आक्षेप खरा आहे, पण उपाय सोपा. दोन्ही गाद्या मिळून एक मोठी बाहेरची खोळ शिवून घ्यायची किंवा दोन्हींभोवती रुंद पट्टा आवळायचा. वर दीड-दोन इंचांचा पातळ कापसाचा गादीवजा थर सबंध सहा फुटांचा टाकला की फट हाताला लागत नाही. पिंजाऱ्याकडून तो करून घेता येतो. एका गोष्टीत मात्र तडजोड नको. तान्हं मूल आईबापांच्या मध्ये, त्या सांध्यावर किंवा मऊ लेटेक्सवर झोपवू नये. तान्ह्या बाळाची पाठ सपाट आणि घट्ट जागेवरच हवी, तोंड रुतेल अशी मऊ जागा त्याला धोक्याची.

या फटीचा एक फायदा पाळीवाल्या घरांना लगेच कळतो. तो रात्रपाळीहून येऊन आडवा होतो किंवा ती पहाटे उठते, तेव्हा अखंड गादीवर एकाचं हलणं दुसऱ्याच्या अंगाला पोचतं. लेटेक्स स्प्रिंगपेक्षा कमी हलतं, पण उसळी त्यालाही आहे. दोन वेगळे तुकडे असले की तो हेलकावा सांध्यावरच थांबतो.

विकत घेताना लोक गादी हाताने दाबून बघतात. हाताने काही कळत नाही. चपला काढून दोघांनी आपापल्या नेहमीच्या कुशीवर निदान दहा-पंधरा मिनिटं पडावं. संकोच वाटला तरी पडावं, कारण रोज तिथेच पडायचं आहे. उताण्याने कमरेखाली तळहात सरकवून पाहावा. तो सहज आरपार गेला आणि वर जागा उरली तर गादी कडक. हात शिरेचना तर फार मऊ. कुशीवर झोपणारीचा कणा तिसऱ्याने मागून बघावा. मानेपासून कमरेच्या खालपर्यंत तो सरळ रेषेत दिसला पाहिजे. डोक्याखाली घरचीच उशी न्यावी, कारण मऊ गादीत खांदा आत गेला की उशी तेवढी उंच लागत नाही आणि मान दुखायचं कारण पुष्कळदा गादीऐवजी उशीत निघतं.

आणि वजन करा. लेटेक्स महाग, म्हणून त्यात भेसळीला वाव. वर एक इंच लेटेक्स आणि आत साधा फोम, हे नेहमीचं. खऱ्या लेटेक्सचा एक घनफूट साधारण पावणेदोन ते अडीच किलो भरतो. तीन बाय साडेसहा फूट, सहा इंच जाडी, म्हणजे पावणेदहा घनफूट : तेव्हा अशी एक बाजू खोळीशिवाय १७ ते २४ किलोच्या दरम्यान यायला हवी. दहा-अकरा किलोच आली तर आत फोम आहे. वजन भरूनही खात्री पूर्ण होत नाही, कारण चिकात खडूसारखी भुकटी मिसळून वजन वाढवता येतं. अशा गादीचा कोपरा चिमटीत चुरला की पूड पडते. म्हणून चेन उघडून दाखवायला तयार नसलेल्या दुकानात माझ्या मते थांबूच नये. "१०० टक्के लेटेक्स" आणि "१०० टक्के नैसर्गिक लेटेक्स" यांतही फरक आहे. पहिल्यात पेट्रोलियमपासून केलेलं कृत्रिम लेटेक्स असू शकतं. 'ओको-टेक्स' या शिक्क्याचा अर्थ घातक रसायनांची तपासणी झाली एवढाच. 'गोल्स' हा शिक्का सेंद्रिय बागेतल्या लेटेक्ससाठी असतो.

वजनाची दुसरीही बाजू आहे. ८० घनतेची सहा इंची अखंड गादी ४४ किलोची होते. लिफ्ट नसलेल्या इमारतीत ती तिसऱ्या मजल्यावर चढवणं आणि पुढे दर दोन-तीन महिन्यांनी फिरवणं दोन माणसांचं काम. बावीस किलोची अर्धी बाजू त्या मानाने हाताळता येते.

आता शिळफाट्याच्या हवेकडे. या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. याच घाटमाथ्याच्या पावसावर लोणावळ्याचे तलाव भरतात आणि त्यांचं पाणी खाली सोडून खोपोलीत टाटांचं वीजकेंद्र १९१५ पासून चालत आलं आहे. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत कपाटातले कपडे दमट, भिंतींना ओल. अशा घरात गादीला बुरशी येते ती बहुधा खालून. झोपलेल्या माणसाच्या अंगातून रात्रभर वाफ निघते; ती गादीतून खाली झिरपते, आणि खाली बॉक्सच्या पलंगाचं अखंड प्लायवूड असलं की तिथेच अडकते. ऑगस्टमध्ये गादी उचलून पाहा, प्लायवर काळे ठिपके आणि कुबट वास सापडेल. पलंगच नवा करायचा असेल तर पट्ट्यांचा करा. दोन पट्ट्यांमधलं अंतर तीन इंचांपेक्षा जास्त नको, नाहीतर जड लेटेक्स फटीत उतरायला लागतं. बॉक्सचा पलंग ठेवायचाच असेल तर सुताराकडून प्लायला इंचभर व्यासाची भोकं वीतभर अंतराने पाडून घ्या, आणि पलंग बाहेरच्या ओल्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. याचा खर्च गादीच्या किमतीपुढे किरकोळ, आणि माझ्या मते जाडी सहाची आठ इंच करण्यापेक्षा हे पैसे कितीतरी जास्त कारणी लागतात.

बुरशी दिसली की आपला पिढीजात उपाय म्हणजे गादी गच्चीवर उन्हात टाकणं. कापसाच्या गादीला तो अगदी योग्य : ऊन लागलं की कापूस फुलतो, ओल जाते, ढेकणांचाही बंदोबस्त होतो. लेटेक्सला हाच उपाय मारक. रबराच्या रेणूंत असे जोड असतात की हवेतला प्राणवायू आणि ओझोन त्यांवर हल्ला करतात, आणि उन्हातले अतिनील किरण त्या हल्ल्याला जोर देतात. काही वेळा ऊन दिलं की वरचा भाग पिवळा पडतो, मग ताठ होतो, मग त्याचा भुगा होऊ लागतो. तेव्हा ऊन खोळीला द्यायचं, गादीला सावली आणि वारा. पावसाने उघडीप दिली की दोन्ही बाजू भिंतीला उभ्या टेकवून पंखा लावायचा. सासरी-माहेरी सगळ्यांना हे सांगून ठेवावं लागतं, कारण गादी उन्हात टाकणारा हात बहुधा प्रेमाचाच असतो.

रबराचा दुसरा शत्रू तेल. डोक्याला खोबरेल चोपडून किंवा अंगाला तेल लावून झोपायची सवय आपल्या घरांत आहे. तेल रबरात मुरलं की रबर फुगतं आणि चिकट, कमकुवत होतं. म्हणून खोळ जाड सुती हवी आणि तिच्यावर आणखी एक धुता येणारं आच्छादन हवं. प्लॅस्टिकचं पूर्ण जलरोधक आच्छादन मात्र रोज घालू नये. ते हवाच कोंडतं आणि लेटेक्स घेतल्याचा अर्धा फायदा जातो.

लेटेक्सची खरी ॲलर्जी असलेल्यांनी हा विचार सोडून द्यावा. रबरी हातमोज्यांनी अंगाला गांधी उठतात किंवा धाप लागते अशांना ती असते. वर्षानुवर्षं हातमोजे वापरलेल्या परिचारिकांमध्ये हे दिसतं, आणि त्यांपैकी काहींना केळं, किवी, ॲव्होकाडो खाऊनही त्रास होतो. शंका असली तर आधी डॉक्टर, मग दुकान.

पैशांचा हात आखडता असेल तर दोन्ही बाजू पूर्ण लेटेक्सच्या घ्यायची सक्ती नाही. त्याच्या बाजूला खाली रबर लावलेल्या काथ्याचा चार इंची थर आणि वर दोन इंच लेटेक्स चालतं; उताण्या, जड माणसाला तो टेकू चांगला मिळतो. काथ्या काही वर्षांनी नितंबांच्या जागी बसतो हे धरून चालायचं, म्हणून तो थर मध्येमध्ये डोक्याकडून पायांकडे फिरवायचा. तिच्या बाजूला मात्र काटकसर करू नये, कारण कुशीवर झोपणाऱ्याला वरचे दोन इंच पुरत नाहीत. खांदा त्याखालच्या थरापर्यंत पोचतो. घरात एकाच बाजूला पैसे घालायचे असतील तर ते कुशीवर झोपणाऱ्याच्या बाजूला घाला. अनेक घरांत नेमकं उलट होतं : कमावत्या पुरुषाच्या पाठीचा विचार आधी होतो आणि बाईच्या बधिर हाताला "कामाने दुखतंय" म्हणून बाजूला सारलं जातं.

ऑर्डर देताना बिलावर दोन्ही बाजू वेगवेगळ्या लिहून घ्या : प्रत्येक थराची जाडी, घनता आणि पद्धत. हमीच्या कागदात गादी किती खोल बसली तर बदलून देणार हा आकडा शोधा. पुष्कळ कंपन्या इंचभराच्या आत काही देत नाहीत, आणि डाग पडलेला दिसला की हमी नाकारतात. हमी पट्ट्यांच्या पलंगाला लागू आहे का, तेही विचारा. दहा-बारा वर्षांनी जड माणसाची बाजू आधी दबेल. तेव्हा सबंध गादी काढायची नाही. बिलावरचे आकडे दाखवून त्याच मापाचा, त्याच घनतेचा एक थर मागवायचा.